सोनागिरीतल्या वाट्यांचा सर्व्हे

सोनागिरी, भोपाळ
गुरुवार दुपार (हे झोपलेत तोवर)

प्रिय सुमनताईस,

शेजारच्या वसुधाचा साष्टांग नमस्कार. साष्टांग फक्त कागदावर, कारण माझे गुडघे हल्ली खाली जायला तयार होतात, वर यायला नाही. तुझे कसे आहेत? पुण्याच्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या घेतेस की नेहमीप्रमाणे डबीत साठवतेस? तुषार, सूनबाई आणि नातू खुशाल असतील. इकडे आम्ही दोघं ठीक. ह्यांचा एक कान पूर्ण गेला आणि दुसरा मी बोलायला लागले की जातो. थंडी पडली आहे, मटार आलाय, आणि तुझ्या अंगणातल्या कढीलिंबाला मी रोज पाणी घालते (पानंही मीच नेते, तेव्हा उपकार मानू नकोस).

परवा फोनवर तू विचारलंस की घर बघायला कोणी येऊन गेलं का, आणि मी ‘पत्रात सविस्तर लिहिते’ म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, वसुधाला लागलं वेड, आजकाल पत्र कोण लिहितं. पण फोनवर बोलताना तुझ्यामागे तुषार उभा असतो आणि तू ‘हं, हं, बरं’ एवढंच बोलतेस. इतकी वर्षं मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस, आणि आता तूच ‘हं’ म्हणायला लागलीस की मला पुढचं सुचतच नाही. तुषारला घर विकायचंय हे मला माहीत आहे, किल्ली माझ्याकडेच आहे. तुला विकायचंय का, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. त्या ‘हं’मधून ते निघत नाही. तर घराचं सांगतेच, पण त्याआधी इथं एक भानगड झाली आहे आणि ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भानगडीत तुझं नाव आलंय. घाबरू नकोस, पोलिसांत नाही, मोबाईलमध्ये.

झालं असं, की दसऱ्यानंतर आपले नरहरराव न्हाणीघरात घसरून पडले. एकटेच असतात, सकाळचे पडलेले, ते दुपारी गॅसवाला सिलिंडर घेऊन आला तेव्हा कळलं. हाड मोडलं नाही, अभिमान तेवढा मोडला, आणि तोही आठवड्यात जुळला. आता ती गोष्ट ते भेटेल त्याला सांगतात (दर खेपेला पडण्याची उंची वाढते, मागच्या रविवारी ते जवळजवळ गच्चीवरून पडले होते). पण मंडळाचे अध्यक्ष हेमंतराव हादरले. म्हणाले, आपल्या मराठी घरांत कोण एकटं राहतं, कुणाची किल्ली कुणाकडे, कुणाचं जेवणखाण कोण बघतं, हे आपल्याला ठाऊकच नाही. खरं सांगू, मला ऐकून लाज वाटली. आपण कारखान्याच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा कुणाच्या घरात ताट पडलं तरी चार घरांत कळायचं, आणि ते पडलं की आपटलं हेही कळायचं. सकाळच्या भोंग्याला सगळ्यांचे डबे एकदम बाहेर पडायचे. कुणाचा डबा निघाला नाही की तू पदर खोचून त्या घरी जायचीस, माणूस आजारी आहे की बायको रुसली आहे ते बघायला. तेव्हा सर्व्हे लागत नव्हता, तू होतीस. असो. हेमंतरावांनी सर्व्हे करायचं ठरवलं.

तर दळव्यांचा शैलेंद्र आठवतो ना? शाळेतून परस्पर तुझ्याकडे यायचा, थालीपीठ खायचा आणि घरी जाऊन ‘भूक नाही’ म्हणून आईचा मार खायचा. त्याच्या डोक्यावर आता एक केस नाही. बाग सेवनियात घर आहे, आणि चांगली नोकरी सोडून तो घरात बसून एक मोबाईलचं अ‍ॅप बनवतो. सर्व्हे करणाऱ्यांसाठी. आपले प्रश्न त्यात घालायचे, घरोघर फिरून उत्तरं भरायची, नेट नसलं तरी अडत नाही, घरी येऊन नेट मिळालं की सगळी माहिती आपसूक एका जागी जमते. कुठल्या कंपनीचं नाही, त्याचं एकट्याचं. आणि फुकट आहे. नुसतं फुकट नाही, तर आतलं सगळं उघडं ठेवलंय. ओपन सोर्स म्हणतात. ज्याला कळतं त्यानं आत बघावं, चूक असेल तर सांगावी, जमली तर दुरुस्त करावी, आणि आपलं म्हणून खुशाल वापरावं. आमच्या ह्यांना हे काही पटेना. जन्म गेला कारखान्याच्या तपासणी विभागात, एकेक ड्रॉइंग कुलपात ठेवणारा माणूस. ‘फिर खाता क्या है वो?’ म्हणाले (चिडले की हे हिंदीत जातात, तुला माहीत आहे).

मला मात्र एका झटक्यात कळलं. म्हटलं, हा तर सुमनताईचा गोडा मसाला झाला. तू कशी, कुणीही विचारलं की दगडफुलापासून सगळं सांगायचीस, वर घरी येऊन भाजून दाखवायचीस, आणि कुणी त्यात आणखी काही घालून सुधारला तर तोच पुढे सगळ्यांना सांगायचीस. आणि उलट ती रजनी. मेतकुटाची कृती विचारली की सगळं सांगते आणि एक जिन्नस गाळते. सोनागिरीत गेली तीस वर्षं सगळ्या जणी मेतकूट करतात आणि एकीचंही रजनीसारखं होत नाही. मी हे उदाहरण मंडळाच्या बैठकीत दिलं तेव्हा शैलेंद्र म्हणाला, काकू, याहून सोपं मला स्वतःलाही सांगता आलं नसतं. रजनी त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

तर अशा रीतीनं मी सर्व्हेवाली झाले. गळ्यात फोन, पायात ह्यांचे बूट, आणि दारोदार. शैलेंद्रनं बजावलं होतं की एका घराला दहा मिनिटं पुरतात. पहिल्याच दिवशी त्याच्या अ‍ॅपनं तक्रार केली की या बाई एका घरात अडीच तास बसल्या आहेत, फोन हरवला आहे काय. आता तूच सांग, एवढ्या वर्षांनी एखाद्याच्या घरी जायचं आणि ‘आपलं वय किती, पाणी कुठून येतं’ असं विचारून उठायचं? आधी चहा, मग पोहे, मग मुलांचे फोटो, मग गुडघे, आणि मग फॉर्म. हेमंतरावांच्या घरी त्यांची सून पिंकी दारात आली. ‘काकू, मम्मीजी नहायला गेल्यात, तुम्ही बैठा ना आरामसे.’ तिची मातृभाषा कोणती हा रकाना मी रिकामा सोडणार होते, पण अ‍ॅप रिकामा सोडू देत नाही. लाल होतं आणि तिथंच अडून बसतं.

दुसरा घोटाळा ‘घरात किती जण राहतात’ या प्रश्नाचा. रजनी म्हणाली, पाच. एकटी राहते गं ती. मी म्हटलं, पाच कोण? तर दोघं अमेरिकेत, एक बंगळूरला, एक ती, आणि एक भिंतीवर. मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, हार ताजा होता, आणि गुपचूप पाच भरले. मग प्रत्येक घरी हेच. ह्यांनी घरी येऊन बेरीज केली तर सोनागिरीत इतकी मराठी माणसं निघाली की गणपतीला मांडवच पुरायचा नाही. प्रत्यक्षात गेल्या गणपतीत आरतीला टाळ वाजवायला माणूस नव्हता, नरहररावांनी एका हातानं घंटा आणि दुसऱ्या हातानं टाळी, म्हणजे स्वतःच्या मांडीवर, असं भागवलं.

पण मुख्य भानगड पुढेच आहे. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, की या घरात दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरातून नेहमी खाण्याचं काही येतं का, आणि येत असल्यास कुणाच्या? हेतू चांगला होता. एकट्या माणसाचं कोण बघतं ते कळावं म्हणून. आणि खाली बारीक अक्षरात सूचना होती, की शक्य तिथं प्रत्यक्ष बघून भरा, ऐकीव नको. तू मला ओळखतेस. सूचना म्हटली की मी पाळते. पहिल्या घरी विचारलं, तर म्हणाले, येतं ना, काल कुणीतरी वाटीभर कढी दिली, कोणी बरं? आठवेना. मी म्हटलं, वाटी दाखवा. वाटी आणली, पालथी केली, बुडावर नाव होतं, ते भरलं. सोपं काम. पुढच्या घरी डाळीची वाटी, पालथी केली, नाव भरलं. त्याच्या पुढच्या घरी झाकणाचं पातेलं. मी एकामागून एक भरत गेले आणि नावाकडे माझं लक्षच गेलं नाही, कारण ते नाव त्या भांड्यांवर मी इतकी वर्षं बघतेय की आता ते मला स्टीलचाच भाग वाटतं. सौ. सुमन वसंत पराडकर, सोनागिरी, भोपाळ.

आठवतं ना गं? तुझ्या वास्तुशांतीसाठी भांडी घ्यायला आपण टी. टी. नगरला गेलो होतो, न्यू मार्केटमध्ये. दोघी टेंपोत मांडीवर पिशव्या घेऊन, नाकात धूर, आणि दोघींचं हिंदी असं की भाव करताना भाजीवाल्यालाच आपली दया यायची. भांड्यांच्या दुकानाबाहेर तो नाव घालणारा बसला होता, यंत्राची टर्रर्र करत. तू म्हणालीस, नाव घाल आणि पत्ताही घाल. तो म्हणाला, ‘बहनजी, कटोरी है, चिट्ठी थोड़ी है।’ तू काही ऐकली नाहीस. ‘गुम जाएगी तो वापस आनी चाहिए ना।’ एकेका वाटीवर एवढा मजकूर घालता घालता त्याची दुपार गेली आणि आपण समोर उसाचा रस पीत बसलो. किती हसलो होतो आपण त्या दिवशी, आणि कशाला ते आता मला आठवतसुद्धा नाही. आणि मग त्या वाट्या फिरायला लागल्या. तुझी वाटी आली की रिकामी परत धाडायची नाही, तुझ्याच शिस्तीतलं. म्हणून मी त्यात काही घालून पाठवायची, तू पुन्हा भरून, आणि असं करत कुठलीच वाटी कधी स्थिर झाली नाही. वसंतराव गेल्यावर तुषार तुला ‘थोडे दिवस’ म्हणून घेऊन गेला तेव्हा निम्म्या वाट्या लोकांकडेच होत्या. रिकाम्या परत करायच्या नाहीत, आणि भरून द्यायला तू नाहीस. मग लोक काय करणार? त्यांनी त्या एकमेकांकडे फिरत्या ठेवल्या.

रविवारी मंडळाच्या खोलीत निकाल होता. शैलेंद्रनं प्रोजेक्टर लावला आणि भिंतीवर सोनागिरीचा नकाशा दिसला. प्रत्येक घराला ठिपका, आणि ज्या घरातून जेवण येतं त्या घरापर्यंत एक रेघ. कुणाला कुणाचा आधार आहे ते एका नजरेत कळावं अशी त्यानं मुद्दाम सोय केली होती. बटण दाबलं, आणि सगळीकडून रेघा निघाल्या आणि सगळ्या एकाच घराकडे गेल्या. हेमंतराव चष्मा लावून भिंतीपाशी गेले. तुझं घर. बाहेर कुलूप, ओट्यावर धूळ, गॅसची नळी काढून ठेवलेली, आणि निम्मी सोनागिरी तिथून जेवते आहे. मग हेमंतरावांनी हळूच विचारलं, सुमनताईंनी मेस वगैरे काढली होती का, परवानगी होती ना? नरहररावांना मेसचं दुःख नव्हतं, आपल्याला का कळवलं नाही याचं होतं. हे म्हणाले, ‘मैंने पहले ही कहा था, फोकट की चीज है।’ आणि बिचारा शैलेंद्र टक्कल चोळत अ‍ॅपमध्ये चूक शोधायला घरी गेला.

दोन दिवस शोधत होता. मग लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला, डोळे लाल, आणि म्हणाला काकू, कुठेच चूक सापडत नाही. मी म्हटलं, आधी जेव. खिचडी वाढली, वाटीत कढी वाढली. शेवटची कढी त्यानं लहानपणी प्यायचा तशीच वाटी तोंडाला लावून प्यायली आणि रिकामी वाटी पालथी करून बुडाकडे बघतच राहिला. ‘काकू, तुम्ही हे नाव भरलंत?’ मी म्हटलं, मग कोणाचं भरणार, भांड्यावर लिहिलंय ते भरलं. तो इतका हसला की ह्यांच्या गेलेल्या कानालाही ऐकू गेलं. मग वाटी खाली ठेवली. म्हणाला, चूक अ‍ॅपचीही नाही आणि तुमचीही नाही, माहिती जुनी आहे एवढंच. सुमनताई, त्या ‘जुनी’ शब्दावर मला रडू आलं. तुझ्यासमोर मी कधी रडले नाही, वसंतराव गेले तेव्हाही नाही, कारण तेव्हा तुला आवरायचं होतं. पण त्या दिवशी शैलेंद्रपुढे खरकट्या हातानं मी रडले. तुझ्याशिवाय मला इथं अजिबात करमत नाही. सांगितलं एकदाचं.

शैलेंद्रनं मग एक केलं. त्या अ‍ॅपची एक उघडी जागा असते, तिथं जगातला कोणीही चूक लिहू शकतो. तिथं त्यानं लिहिलं, की आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यामुळे जेवण कुठून आलं ते भांड्यावरून कळत नाही, बंद घराचंच नाव येतं. मला वाटलं, लोक हसतील. तर कुठल्याशा डोंगराळ देशातली एक बाई, ती हेच अ‍ॅप घेऊन तिकडच्या खेड्यांत फिरते, तिनं उत्तर दिलं की आमच्याकडेही रिकामं नाही पाठवत, निदान एक अंडं तरी घालतात, आणि तिनंच त्यावर एक नवा प्रश्नही तयार करून दिला. तो प्रश्न काय, ते पुढे येईलच. रजनीला हे सांगितलं तर म्हणाली, एवढी लांबची बाई काही न गाळता सगळं देऊन टाकते. कधी कधी न बोलणंही जमतं मला.

आता घराचं. घर बघायला अजून कोणी आलेलं नाही. आलं की कळवते. तुषारला आशीर्वाद, नातवाला पापा, आणि तू गोळ्या घे. पत्र पोचल्याचं कळव, आणि ते ‘हं’ सोडून दुसऱ्या कुठल्याही शब्दात कळव.

तुझी,
वसुधा

ता. क. १ — घर बघायला कोणी आलं नाही असं वर लिहिलंय ते खोटं आहे. आले होते. इटारसीचं जोडपं, माणसं लाघवी, नाव ठेवायला जागा नाही (मी शोधली). मी सगळं घर उघडून दाखवलं. माकडं कुठून येतात आणि नळ कधी येतो हेही सांगितलं. तिला तुझं स्वयंपाकघर आवडलं, ओट्यावरून हात फिरवत तिनं विचारलं, ‘आंटी, यहाँ रहता कौन है?’ माझ्या तोंडून ‘कोई नहीं’ निघेना. म्हटलं, ‘रहती हैं, अभी बाहर गई हैं।’ ते दोघं एकमेकांकडे बघत निघून गेले. तुषारचा फोन येईलच. तो रागावला तर माझ्यावर रागावू दे, त्याचं नाक मी पुसलंय, मला चालेल.

ता. क. २ — मंडळानं ठरवून तुझी सगळी भांडी गोळा केली. हेमंतराव म्हणाले, खोक्यात भरून पुण्याला कुरियर करू. पण एक तर रिकामी कशी पाठवणार, आणि दुसरं म्हणजे ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मराठीत आणि माझ्या बाजूनं हरकत घेतली, की मालावर पत्ता सोनागिरीचा आहे, तो दुसरीकडे पाठवणं नियमात बसत नाही. तेव्हा ज्यानं त्यानं आपल्याकडची वाटी भरून तुझ्या ओट्यावर आणून ठेवली आहे. (ओटा मी पुसला. नावातलं ‘सौ.’ सगळ्यांवर तसंच आहे, कुणी बोट ठेवलं नाही.) नरहररावांनी तिळाचे लाडू दिलेत, स्वतः वळलेले, म्हणून चौकोनी आहेत. रजनीनं मेतकूट दिलंय आणि गाळलेला जिन्नस सांगायला ती तयार आहे, पण फक्त तुला, आणि तेही समोरासमोर, तुझ्या स्वयंपाकघरात. मी तीस वर्षं थांबले आहे, याचा जरा विचार कर.

ता. क. ३ — त्या लांबच्या बाईनं दिलेला प्रश्न असा: बंद घरातली व्यक्ती कायमची गेली आहे, की तात्पुरती बाहेरगावी आहे? रिकामा सोडता येत नाही, लाल होतो. आणि उत्तर त्या व्यक्तीनं स्वतः द्यायचं, शेजाऱ्यानं नाही आणि मुलानंही नाही. मी दोनदा ‘तात्पुरती’वर बोट नेलं आणि मागे घेतलं. मला तू इथं हवी आहेस, पण घर तुझं आहे, विकायचं तर विक. फक्त सांगशील ते तुझ्या तोंडानं सांग. सगळ्या सोनागिरीचा सर्व्हे तुझ्या एका उत्तरासाठी अडला आहे. मेतकूट वर्षभर थांबेल. लाडू संक्रांतीपर्यंत. माझ्यावर तारीख घातलेली नाही.